जरा हळू

उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण लोक टोमणा मारायला वापरतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत ते नोकरीचं सरळ वर्णन होतं. ते टॉवर क्रेन चालवायचे. सकाळी डबा आणि पाण्याची बाटली खांद्याला अडकवून शिडीने वर चढायचे, काचेच्या एका खोक्यात बसायचे आणि तिथून दिवसभर सळया, काँक्रीटचे तयार स्लॅब, खिडक्यांच्या काचा उचलून जिथल्या तिथे ठेवायचे. वरून सगळं दिसतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात भिंतीपलीकडे किंवा इमारतीच्या मागे माल उतरवायचा असेल तर क्रेनवाला आंधळाच असतो. खाली उभा असलेला सिग्नलमन वॉकीटॉकीवर जे सांगेल तेवढंच त्याला दिसतं.

मी स्वतः दातांच्या लॅबमध्ये काम करतो. लोकांच्या कवळ्या बनवतो. तोंडं मला साच्यातच भेटतात, गप्प, आणि तशीच ती मला आवडतात. आमच्या घरात जे चाललं होतं त्यात मी कधी तोंड घातलं नाही ते याचमुळे. बाप आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, असंही कुणी म्हणेल. तसंही असेल.

घरात चाललं होतं ते असं. माझी बायको आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी आम्हाला शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती. ती शाळेत इंग्रजी शिकवते, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची तिला सवय आहे, आणि गंमत सांगताना ती आधी स्वतःच हसते. बाबा नुकतेच कामावरून आले होते. ते म्हणाले, "जरा हळू."

ती वाक्याच्या मध्येच थांबली. ती गंमत पुढे काय होती ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवसापासून तिने बाबांसमोर तोंडात मिठाची गुळणी धरली. बाबाही तिच्याशी बोलेनासे झाले. मग सगळी वाहतूक आईमार्फत सुरू झाली. चौघं एकाच टेबलाशी बसलेले असायचो आणि बाबा आईला म्हणायचे, "तिला विचार, शाळेला सुट्टी आहे का उद्या." माझी बायको आईला म्हणायची, "आहे म्हणावं." आई मान वळवून म्हणायची, "आहे." मीठ शेजारीच बसलेल्या माणसाकडून आईच्या हातून फिरून यायचं. लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं, पण आमच्याकडे लेकही नव्हती, भिंतीला बोललं तरी चाललं असतं.

मी एकदा प्रयत्न केला होता. तिला म्हटलं, "अगं, तो शब्द ते दिवसभर ऐकतात कामावर. त्यात काही नव्हतं."

"तुझे बाबा मला बडबडी समजतात," ती म्हणाली.

"असं म्हणाले नाहीत ते."

"म्हणायला कशाला लागतं?"

मी हात टेकले. खरं सांगायचं तर मला तिचा रागही आला होता आणि बाबांचाही, पण दोघांचा राग एकाच वेळी करायला बराच दम लागतो. तो माझ्यात नाही. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

मग कंपनीने नवा नियम काढला. सिग्नलमन आता ठिकठिकाणाहून येणार, त्यामुळे वॉकीटॉकीवरची भाषा इंग्रजी राहील. ज्या क्रेनवाल्यांना वर बसायचंय त्यांनी इंग्रजीचा लेखी पेपर द्यायचा आणि इंग्रजी हुकमांवर माल उतरवून दाखवायचा. जो पास होणार नाही त्याला खाली गोदामात काम मिळेल. पगार तोच राहणार होता, पण बाबांचं दुखणं पगाराचं नव्हतं. ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसून आईला म्हणाले, "खाली सगळे एकदम बोलतात गं. वर एक आवाज असतो. एकावेळी एकच." त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. खाली आलेले बाबा कसे असतील याची मला कल्पनाच करता येईना.

कंपनीने अभ्यासाला एक पुस्तक दिलं होतं. बाबा विशेषणांच्या धड्यापर्यंत एकटेच पोचले. क्रियाविशेषणाशी घोडं अडलं. दोन रविवार ते त्याच पानावर होते. शेवटी एका दुपारी ते आईला म्हणाले, "तिला विचार, शिकवेल का."

ती समोरच वह्या तपासत होती. लाल पेन न थांबवता आईला म्हणाली, "चारला बसू म्हणावं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्या शिकवणीत मी रोज हजर असायचो, कारण टेबलाचा एक पाय डुगडुगतो आणि मी कोपर टेकून बसलो नाही तर अक्षर हलतं. त्यामुळे माझं इंग्रजी व्याकरणही पक्कं झालं, त्याचा दातांना काही उपयोग नाही.

माझी बायको वर्गात शिकवते तसं शिकवायला लागली, फक्त नजर आईकडे ठेवून. विशेषण नामाबद्दल सांगतं. क्रेन कशी आहे? स्लो आहे. क्रियाविशेषण क्रियेबद्दल सांगतं. क्रेन चालते कशी? स्लोली चालते. आई बिचारी मान डोलवत होती.

बाबांनी पेन्सिल कानामागे लावली. "तिला विचार, मराठीत 'गाणं छान' आणि 'छान गाते', दोन्हीकडे छान चालतं. मग इंग्रजीलाच काय झालं शेपूट लावायला?"

"इंग्रजीला विचारून सांगते म्हणावं," बायको म्हणाली.

पण शेपटाचं कळल्यावर बाबांनी ते दिसेल त्या शब्दाला लावायला सुरुवात केली. हेव्हिली लोड. लाँगली दोरखंड. स्वतःबद्दल एक वाक्य लिहा असं होतं तिथे त्यांनी अभिमानाने लिहिलं की मी हार्डली काम करतो. त्याचा अर्थ मी जेमतेम काम करतो असा होतो हे बायकोने आईला सांगितलं, आईने बाबांना सांगितलं, आणि सांगताना आई हसली ती बराच वेळ थांबेना. बाबा म्हणाले, "सगळ्याला शेपूट का लावलं सांगू? वर गेल्यावर कुठलीच वस्तू नुसती नसते. सगळं चालू असतं."

फ्रेंडली या शब्दावर तर दोघांची जुंपली, अर्थात आईमार्फत. शेपूट आहे तरी हे विशेषणच, असं बायकोचं म्हणणं. बाबांना ते पटायला वेळ लागला. मग म्हणाले, "असतात असे. आमच्याकडे एक आहे. हेल्मेट इंजिनिअरचं घालतो, आहे कुणाचा तरी मेहुणा."

माझ्या बायकोचा ओठ हलला. ती हसली नाही, पण मी कवळ्या बनवतो, मला ओठाखालचं कळतं.

एक गोष्ट मात्र तिला फार खटकायची. शिकवताना ती वैतागली की गप्प व्हायची. ती गप्प झाली की बाबा पेन्सिल खाली ठेवायचे, दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि बसून राहायचे. ओळ अर्धी असली तरी अर्धीच. ती पुन्हा बोलेपर्यंत हात वर येत नसत. "बघ," ती खोलीत आल्यावर मला म्हणाली, "मी जरा गप्प झाले की लगेच फुगून बसतात. लहान मुलंसुद्धा असं करत नाहीत." दिसत तर तसंच होतं.

पालथ्या घड्यावर पाणी असं सगळ्यांना वाटायला लागलं असताना एका दुपारी बाबांनी पेन्सिल उचलली आणि सावकाश बोलू लागले. "आमच्याकडे माल हुकाला लावायच्या आधी खाली सगळं बोलून घेतात. जड आहे, काचेचा आहे, एका बाजूला झुकलेला आहे. एकदा माल उचलला की तो कसा आहे हे कुणी बोलत नाही. बोलायचंच नाही. 'नाजूक आहे' असं कानात पडलं की हात कापतो. मग फक्त हात कसा चालवायचा ते सांगायचं. हळू. सावकाश. सरळ. म्हणजे हुकाच्या आधीचं ते ॲडजेक्टिव्ह आणि हुकाच्या नंतरचं ते ॲडव्हर्ब."

"बरोबर," बायको म्हणाली. "अगदी बरोबर, बाबा."

हे तिने आईला सांगितलं नव्हतं. आईच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. पण बाबांनी नुसती मान हलवली, बायको पुढच्या पानाकडे वळली, आणि ते एवढ्यावरच राहिलं. माझ्या मनात आलं, हिने इतकी वर्षं मुलांना हा फरक शिकवला. बाबांनी हिला कसं बोलायचं ते सांगितलं आणि हिने आपण कशा आहोत ते ऐकलं. पण हे बोलून दाखवायला लागणारा दम, आधीच सांगितलंय, माझ्यात नाही.

धड्याच्या शेवटी अवघड शब्दांची ओळ होती. त्यातल्या कन्टिन्युअसली या शब्दापुढे बाबांनी हात जोडले. "एवढा लांब शब्द कुणी वॉकीटॉकीवर बोलेल का? तो संपेपर्यंत माल जमिनीत जाईल."

"पुस्तकात आहे म्हणावं," बायको म्हणाली. "न थांबता, असा अर्थ."

"तिला विचार, न थांबता काय?"

"काहीही म्हणावं. चालणं, बोलणं."

बाबांनी तो शब्द चार-पाच प्रकारे म्हणून पाहिला आणि सोडून दिला.

परीक्षेच्या दिवशी ते नेहमीसारखे गेले आणि नेहमीसारखे आले. हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन बसले. आईने विचारलं, तर त्यांनी खुर्ची कठड्याकडे वळवली. त्यांच्या मागोमाग त्यांचा सिग्नलमन आला. कामावर त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो जिन्यात बोलला तरी आमच्याकडची भांडी ऐकतात.

"लेखी पास झाला तुमचा गडी," भोंगा दारातूनच म्हणाला. "ॲडव्हर्ब-फिडव्हर्ब सगळं बरोबर. घरच्या मास्तरीणबाईंनी कमाल केली. क्रेनवर नापास केला."

"क्रेनवर?" आई म्हणाली.

त्यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास बसेना. म्हणजे माशाला पोहण्यात नापास करण्यासारखंच झालं. भोंग्याला खुर्ची दिली, चहा दिला, मग त्याने सगळं नीट सांगितलं. भिंतीपलीकडे आखलेल्या चौकोनात माल उतरवायचा होता. बाबांना भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. सिग्नल परीक्षक साहेब स्वतः देत होते. साहेब वॉकीटॉकीवर म्हणाले, लोअर स्लोली. बाबांनी माल उतरवायला घेतला. साहेब गप्प झाले. बाबांनी माल थांबवला. साहेब बघत राहिले, बाबा थांबून राहिले. माल मधल्यामध्ये लटकत राहिला. शेवटी साहेबांनी शेरा मारला की हुकूम पाळला नाही.

"पण बाबा थांबले कशाला?" मी विचारलं.

भोंग्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, इतकी वर्षं या घरात काय करत होतास. "अरे, माल हलत असताना सिग्नलवाल्याने बोलतच राहायचं असतं. हळू, हळू, हळू, हळू, माल टेकेपर्यंत. आवाज थांबला की हात थांबला पाहिजे. आवाज थांबला म्हणजे खाली काहीतरी झालंय. सिग्नलवाला पडला असेल, मधे कुणी आलं असेल, बॅटरी गेली असेल. वरच्याला काय दिसतंय? त्याने थांबायचं आणि आवाज परत येईपर्यंत थांबून राहायचं. वाट्टेल तेवढा वेळ. त्या साहेबाला आमच्याकडची पद्धत माहीत नव्हती, त्याच्याकडे एकदा सांगितलं की पुरतं. त्याचंही चूक नाही म्हणा."

माझ्या बायकोने वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला. ती उठून बाल्कनीच्या दारात गेली. मला तिची पाठ दिसत होती आणि पलीकडे खुर्चीतल्या बाबांचं डोकं.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्याशी बोलायचं तुम्ही का थांबवलंत?"

बाबांनी मान वळवली. प्रश्न त्यांना चमत्कारिक वाटला असावा.

"तू थांबलीस ना," ते म्हणाले. "मला वाटलं, काहीतरी झालंय."

भोंग्याने कप अलगद बशीत ठेवला. आई पदराने टेबल पुसायला लागली, ते स्वच्छच होतं. बायको तशीच दारात उभी होती. मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

"नाही," ती म्हणाली. "काही झालं नव्हतं."

पुन्हा परीक्षा द्यायची एक संधी होती, महिनाअखेर. बायकोने ती मनावर घेतली. आता आई मोकळी झाली होती, त्यामुळे पहिले दोन दिवस आई जरा बावरल्यासारखी फिरत होती. बायकोने टेबलावर एक उभा ट्रे ठेवला, ही भिंत. पाण्याने काठोकाठ भरलेला कप, हा माल. ती ट्रेच्या पलीकडे बसायची आणि एकदाच म्हणायची, "स्लोली." बाबा कप सरकवायला घ्यायचे. ती ओठ मिटून घ्यायची. कप थांबायचा.

"पुढे या, बाबा. मी गप्प असले तरी पुढे यायचं."

"पलीकडे तुझा हात असला तर?"

"नाहीये. मी सांगते ना."

"आत्ता सांगितलंस. मघाशी गप्प होतीस."

"परीक्षेपुरतं करा हो. एक दिवस फक्त."

"हाताला परीक्षा कळत नाही," बाबा म्हणाले. "एक दिवस शिकला की तो शिकतोच. मग मी वर बसून उपयोग काय?"

ती चिडली. यावेळी मात्र ती गप्प झाली नाही, मोठ्याने चिडली. म्हणाली, तुम्ही गोदामात बसाल, तिथे सगळे एकदम बोलतील, मग आम्हाला सांगू नका. बाबा ऐकत होते. कपावर हात तसाच होता. आवाज चालू आहे म्हटल्यावर त्यांनी तो बोलणं संपेपर्यंत अगदी अलगद सरकवत ट्रेच्या पलीकडे तिच्यासमोर आणून ठेवला. पाण्याचा थेंब सांडला नव्हता.

तिने कपाकडे पाहिलं. मग पुस्तक ओढलं, पानं उलटली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही बदलू नका," ती म्हणाली. "साहेबांना सांगा. पण इंग्रजीत सांगावं लागेल. आणि हा शब्द पाठ करावा लागेल."

बाबांनी बोटाखालचा शब्द पाहिला आणि नाक मुरडलं.

दुसऱ्या परीक्षेला आम्ही तिघंही गेलो. छातीएवढ्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभं राहायची परवानगी होती. भोंगा आमच्याजवळ येऊन थांबला आणि त्याने आपला वॉकीटॉकी आम्हाला ऐकू येईल असा धरला. साहेब आत, क्रेनच्या दृष्टीने भिंतीपलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला होते, हातात वॉकीटॉकी, काखेत कागद. बाबा वर होते. त्या काचेत माणूस आहे हे माहीत नसेल तर कळू नये एवढे वर.

माल उचलला गेला, भिंतीवरून आमच्या बाजूला आला आणि थांबला. "लोअर स्लोली," साहेबांचा आवाज आला. माल खाली यायला लागला. साहेब गप्प झाले. माल थांबला.

साहेबांनी वर पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. काँक्रीटचा तो स्लॅब वाऱ्यात किंचित फिरत होता. वॉकीटॉकीत नुसती खरखर. माझ्या बायकोने कुंपणाचा पत्रा दोन्ही हातांनी धरला होता. "बोला, बाबा," ती पुटपुटत होती. "बोला, बोला, बोला." आई तिच्याकडे बघत होती. साहेबांनी खिशातून पेन काढलं. संपलं, असं मला वाटलं, आणि त्या साहेबाचं काही चूक नसताना मला त्याचा भयंकर राग आला.

खरखर थांबली.

"सर," बाबांचा आवाज आला. "प्लीज स्पीक." मग थोडं थांबून, एकेक पायरी चढावी तसं, "कन्-टि-न्यु-अस-ली."

साहेबांनी वॉकीटॉकीकडे पाहिलं. वर पाहिलं. लटकलेल्या मालाकडे आणि त्याच्या खालच्या चौकोनाकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं.

"स्लोली," ते म्हणाले. माल हलला. "स्लोली. स्लोली. स्लोली." हळूहळू त्यांचा आवाज, बाळ झोपवताना होतो तसा, एका लयीत पडला. माल त्या लयीत खाली आला आणि चौकोनात टेकला. टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

बाबांना शिडी उतरून यायला वेळ लागतो. आले तेव्हा आईने विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"गुड म्हणाले," बाबा म्हणाले. मग माझ्या बायकोकडे वळून त्यांनी सांगितलं, "ॲडजेक्टिव्ह आहे."

आम्ही चालतच घरी निघालो. भोंगा नाक्यापर्यंत आला आणि निरोप घेऊन गेला, तरी त्याचा आवाज बराच वेळ मागून येत राहिला. माझी बायको बोलायला लागली होती. आधी परीक्षेबद्दल, मग साहेबांच्या पेनाबद्दल, मग वर्गातल्या कुठल्याशा मुलीबद्दल, जिने परीक्षेत कसलंसं भलतंच उत्तर लिहिलं होतं. ती सांगताना आधी स्वतःच हसत होती. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. बाबा तिच्या बाजूने, मागे हात बांधून चालत होते.

"जरा हळू," ते म्हणाले.

आई चालता चालता थांबली. मीही थांबलो.

"बरं," माझी बायको म्हणाली, आणि आवाज उतरवून पुढे बोलत राहिली.